घरच्या कॉफीचा ताळेबंद

नागपूरच्या धरमपेठेत आमच्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर एक कॅफे आहे. तिथली कॅपुचिनो २२० रुपयांना. वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २३१. मी एका सीए फर्ममध्ये अकाउंट्स बघते, त्यामुळे बिल हातात आलं की नजर आधी तळाच्या ओळीकडे जाते. आठवड्यातून चारेकदा ही कॉफी व्हायची. मार्च एंडिंगच्या धबडग्यात दुसऱ्यांची यूपीआय स्टेटमेंट्स लावता लावता एका संध्याकाळी स्वतःचंही लावलं. महिन्याला चार हजारांच्या घरात, वर्षाला सत्तेचाळीस हजार. एवढ्यात आमच्या प्रतापनगरच्या फ्लॅटचा वर्षाचा मेंटेनन्स भरून दिवाळीचा किराणाही निघतो.

कॅफेवाल्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. कॅपुचिनोच्या एका कपात दुहेरी शॉटचे, म्हणजे कडक अर्काच्या दोन मापांचे, सोळा-अठरा ग्रॅम बीन्स जातात आणि दीडशे मिलीच्या आसपास दूध. किरकोळ भावाने धरलं तरी कच्चा माल पन्नास रुपयांच्या आसपास. बाकीचे पैसे जागेचं भाडं, यंत्र, वीज, कॉफी करणाऱ्या पोराचा पगार. शिवाय पाच टक्क्यांच्या दरात रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट मिळत नाही. भाड्यावर, यंत्रावर त्याने जो कर भरला, तो त्याला कुठे वजा करता येत नाही; तो गुपचूप कपाच्या किमतीत येऊन बसतो. म्हणजे बिलावर दिसतो तो ११ रुपयांचा कर, आणि न दिसणारा आणखी वेगळा. हे माहीत असूनही मी जात होते, कारण मे महिन्यात दुपारी तीन वाजता धरमपेठेत एसीखाली पाऊण तास कोणी न बोलवता बसू देणारी दुसरी जागा मला ठाऊक नव्हती.

घरी कॉफी म्हणजे इन्स्टंट. पाहुणे आले की सासूबाई कपात पावडर, साखर आणि दोन थेंब दूध घालून चमच्याने पांढरं होईस्तोवर फेटत बसायच्या, आणि वरून गरम दूध. फेसाळ, गोड, चांगली लागते. पण इन्स्टंट ही कारखान्यात एकदा काढून वाळवलेली कॉफी असते, आणि बहुतेक डब्यांत अरेबिकापेक्षा स्वस्त, कडवट अशी रोबस्टा जातच जास्त. आपण घरी करतो ते फक्त विरघळवणं. दूध सोडलं तर कप पाच-सहा रुपयांत होतो. नुसती बचतच करायची असती तर गोष्ट इथेच संपली असती. मला मात्र कॅफेतली चव हवी होती, फक्त २३१ नको होते.

सुरुवात लेकीने केली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या मते जगातल्या प्रत्येक प्रश्नावर एक वस्तू ऑनलाइन मिळते. तिने फ्रेंच प्रेस मागवली: काचेचं भांडं, वर दांडा, दांड्याला जाळी. जाडसर दळलेली कॉफी टाकायची, उकळून अर्धा मिनिट थांबलेलं पाणी ओतायचं, चार मिनिटांनी दांडा हळूच खाली दाबायचा. कृती खरोखर एवढीच. अडचण दळण्याची. बाजारात मिळणारी बहुतेक पावडर दक्षिणी फिल्टरसाठी बारीक दळलेली असते. ती या जाळीतून खाली उतरते आणि शेवटचा घोट चिखलाचा होतो. म्हणून अख्खे बीन्स आणून मिक्सरमध्ये फिरवले. मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं. एकाच वाटीत मैदा आणि रवा दोन्ही निघतात. बारीक भागातून कडवटपणा आधीच उतरून जातो, जाड भागातून धड चव निघत नाही, आणि कपात एकाच वेळी कडू आणि आंबट असं काहीतरी येतं. आमचे हे म्हणाले, "औषध आहे का हे?" आणि तरी कप संपवला, कारण २५० ग्रॅमचं पाकीट साडेपाचशेला पडलं होतं.

मग हाताने फिरवायचा ग्राइंडर आणला, २६०० रुपयांचा, आत स्टीलचे दोन दातेरी भाग असलेला. याला बर म्हणतात. दोन भागांमधलं अंतर वरच्या चाकाने कमी-जास्त करता येतं आणि सगळे कण बऱ्यापैकी एकसारखे पडतात. या सगळ्या प्रकरणात पैसे टाकावेत अशी एकच वस्तू आहे, ती ही. बाकी सगळं स्वस्तातलं चालतं. पंधरा ग्रॅम दळायला मिनिट-दीड मिनिट लागतं. भाजणी हलकी असेल तर बीन्स कडक असतात आणि दंड दुखतात. हे काम आमच्या ह्यांच्याकडे आपोआप गेलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाच आहे.

सकाळी सहाला ती घरघर ऐकून सासूबाई पहिल्यांदा स्वयंपाकघरात आल्या तेव्हा म्हणाल्या, "हे काय दळून राहिला रे तू पहाटे पहाटे? जातं आणलं का घरात?"

वजनकाटाही घेतला, चारशे रुपयांचा. लोकांना हा नखरा वाटतो. पण चमच्याने मोजलेली कॉफी भाजणीप्रमाणे बदलते. गडद भाजलेले बीन्स फुगून हलके झालेले असतात, हलक्या भाजणीचे घट्ट आणि जड. त्याच चमच्यात वेगवेगळं वजन बसतं आणि मग काल चांगली झालेली कॉफी आज का बिघडली, याचा पत्ता लागत नाही. एक ग्रॅम कॉफीला पंधरा-सोळा ग्रॅम पाणी, एवढं धरलं की पुढचं सगळं आपल्या जिभेच्या आवडीवर.

पाण्याबद्दल मात्र थोडं बोलायलाच हवं, कारण कपातला जवळजवळ सगळा ऐवज पाणीच असतो आणि आपल्याकडे ते घरोघरी वेगळं. नागपूरला नळाला पेंचचं पाणी येतं, काही भागांत कन्हानचं. आमच्या सोसायटीत टाकीत बोअरचंही सोडतात, विशेषतः उन्हाळ्यात. प्यायला आरओ. साहजिकच मी आरओच्या पाण्यात कॉफी करत होते आणि कितीही पावडर घातली तरी ती फिक्की, पोकळ लागायची. आरओ दुरुस्त करायला आलेल्या मुलाने टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवून दाखवला: तीसच्या आसपास. कॉफीची चव पाण्यात ओढून आणायला थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. जगभरातले कॉफीवाले दीडशेच्या आसपास टीडीएस चांगला मानतात. उलट बोअरचं पाणी एवढं जड की त्यात कॉफीचा सगळा आंबटपणा मरतो, खडूसारखी सपाट चव येते, आणि केटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो तो वेगळा. शेवटी सकाळी पहिल्या धारेचं नळाचं पाणी वेगळं भरून, गाळून, उकळून वापरायला लागले. मीटरवर ते दोनशेच्या आतबाहेर असतं. जून-जुलैत पहिल्या पावसाचं पाणी आलं की अर्धं आरओचं मिसळते. या बदलाला एक पैसाही लागला नाही आणि चवीत सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. ग्राइंडरपेक्षाही, असं लेक म्हणते. ह्यांना ते मान्य नाही.

एवढं करून आम्ही काळी कॉफी बरी करायला लागलो होतो. पण मला हवी होती दुधाची. फ्रेंच प्रेसच्या कॉफीत दूध घातलं की ती पाणचट होते. दुधाला पेलण्याइतका तिच्यात दमच नसतो. कॅफेत ते काम एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेला घट्ट अर्क, करतो. आमच्या घरी ते केलं खालच्या मजल्यावरच्या अय्यर काकूंच्या फिल्टरने.

काकूंचा जन्म नागपूरचा, शाळा शंकरनगरची, मराठी माझ्यापेक्षा अस्सल नागपुरी. त्यांचे वडील एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, नोकरीला आले आणि इथलेच झाले. १९५६ पर्यंत नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या काळातली आणि नंतर इथेच राहिलेली सरकारी कार्यालयं, शिवाय रेल्वे, यांमुळे तमिळ कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काकू सांगतात, त्यांच्या लहानपणी कॉफी पावडर मद्रासहून यायची. कोणी ना कोणी नातेवाईक जीटीने, म्हणजे ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने, दिल्लीकडे निघालेला असायचा. गाडी नागपूरला थांबली की वडील प्लॅटफॉर्मवर जाऊन खिडकीतून पुडकं घ्यायचे, इडलीचा डबा आत द्यायचे. घरी आल्यावर आधी पुडक्याचा वास सगळ्यांनी घ्यायचा, मगच ते डब्यात रिकामं व्हायचं.

"तू इतके पैसे कायले घालवले त्या काचेच्या भांड्यावर?" काकूंनी विचारलं. "आधी मला विचारायचं ना वं."

दक्षिणी फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दांडीची एक चकती, आणि झाकण. वरच्या डब्यात पावडर घालायची, चकतीने अगदी हलकं दाबायचं. इथे काकू फार कडक आहेत: जोरात दाबलं की पाणी उतरतच नाही, न दाबता सोडलं की भसकन उतरून जातं आणि रंगीत पाणी मिळतं. मग चकतीवरून उकळतं पाणी, आधी थोडं, पावडर फुगून येते, मग बाकीचं. झाकण लावून विसरून जायचं. अर्धा-पाऊण तासात खालच्या डब्यात घट्ट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, जमतं. रात्री लावून ठेवलं तर सकाळी तयार. ना वीज, ना कागदी गाळणी, ना बिघडण्यासारखा एखादा भाग.

मी इतवारीत बर्तन ओळीतून घेतला, स्टीलचा, मध्यम आकाराचा, साडेसहाशेला. पितळीही होते, दिसायला फार देखणे, पण त्यांना कल्हई लागते आणि हल्ली कल्हईवाला शोधणं हीच एक मोहीम असते. दुकानदाराला एवढंच विचारलं की वरच्या डब्याची भोकं किती बारीक आहेत. त्याने डबा उजेडाकडे धरून दाखवला. हे बघून घ्यावं. मोठ्या भोकांतून पावडर खाली येते.

आता पावडर. शंकरनगरकडच्या एका दक्षिणी किराणा दुकानात समोर दळून देतात. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो चिकोरीचा. चिकोरी हे एक मूळ असतं; भाजून दळतात, त्यात कॅफिन नसतं. आपल्या देशात ती गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते. कॉफीपेक्षा बरीच स्वस्त, म्हणून तिला भेसळ समजायची सवय आहे. मीही ती न घालता आणायचं ठरवलं होतं. काकूंनी समजावलं की चिकोरीने डिकॉक्शनला घट्टपणा येतो, रंग येतो, पाणी पावडरीतून सावकाश उतरतं, आणि दुधात कॉफी हरवत नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. कायद्याने चिकोरी मिसळलेल्या पावडरीत कॉफी किमान ५१ टक्के असायला हवी. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालून ती राजरोस विकता येते, आणि पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. किमतीची तुलना करताना हे बघितलं नाही तर हिशेबच चुकतो: स्वस्त वाटणाऱ्या पाकिटात कधीकधी निम्मं मूळच असतं. आम्ही ८०-२० वर स्थिरावलो. त्यातली कॉफी निम्मी अरेबिका, निम्मी पीबेरी. पीबेरी म्हणजे कॉफीच्या फळात दोनऐवजी एकच गोल बी तयार होते ती. भाव ९०० रुपये किलो. एका कपाला आठ ग्रॅम पुरते, म्हणजे पावडरीचे सात रुपये वीस पैसे.

दुधाचं गणित लोक विसरतात. कपाला शंभर मिली धरलं आणि लिटरला ६६ रुपये, तर सहा रुपये साठ पैसे. म्हणजे दूध जवळजवळ कॉफीच्या भावात. साखर, गॅस धरून एक कप पंधराच्या आत. २३१ विरुद्ध १५. इथे मी मोठ्या समाधानाने वही मिटली होती.

ऑफिसची सोय लावायला थोडं डोकं लागलं. सकाळचं डिकॉक्शन छोट्या स्टीलच्या बाटलीत भरून नेते. ते गरम राहायची गरज नसते. गरम राहिलं तर उलट वास उडतो. दूध कोपऱ्यावरच्या चहाठेल्यावर. पहिल्या वेळी दादांना म्हटलं, अर्धा ग्लास गरम दूध द्या, बिना साखरेचं.

"काऊन ताई, नुसतं दूध? तब्येत बरी नाही का?"

मी बाटली काढून ओतल्यावर ते बघतच राहिले. एकदा त्यांनाही चाखायला दिली. "कडू आहे, पण डोकं उघडते," असा अभिप्राय देऊन त्यांनी लगेच स्वतःचा अद्रकाचा चहा पिऊन तोंड साफ केलं. दुधाचे पंधरा रुपये घेतात. म्हणजे ऑफिसातला कप बावीस-तेवीसला पडतो. ठेल्यावरचा त्यांचा चहा दहालाच आहे, हेही इथे नोंदवून ठेवते. ज्याला खरोखर पैसेच वाचवायचे आहेत त्याने तो प्यावा, चांगला असतो.

उन्हाळ्यात सगळंच बदलतं. पारा पंचेचाळिसाला टेकला की गरम कॉफीचं नाव काढवत नाही. कॅफेत थंड कॉफी तर अजून महाग, आणि अर्धा ग्लास बर्फाचा. घरी कोल्ड ब्रू करणं हे या सगळ्यातलं सोपं काम: शंभर ग्रॅम जाड दळलेली कॉफी, आठशे मिली पाणी, बरणीत घालून फ्रिजमध्ये रात्रभर, बारा ते सोळा तास. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायची. थंड पाण्यात आंबटपणा आणि कडवटपणा कमी उतरतो, त्यामुळे चव मऊ येते. हा अर्क तितकंच पाणी किंवा दूध घालून प्यायचा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. काही जण बरणी ओट्यावरच ठेवायला सांगतात. ती नागपूरच्या बाहेरची माणसं असावीत. आमच्या ओट्यावर मेमध्ये रात्री अकराला स्टीलचा पेला हाताला कोमट लागतो.

खरी अडचण फ्रिजमधल्या जागेची निघाली. मेमध्ये आमचा फ्रिज सासूबाईंच्या ताब्यात असतो: पन्ह्याचा गर, आंब्याचा रस, विरजण, उसळीला भिजवलेली मटकी. माझी बरणी तिथे अतिक्रमण ठरली. दोन दिवस ती उचलून खालच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवलेली सापडायची. नवतपाच्या एका दुपारी छतावरचे सांडगे खाली आणून त्या घामाघूम बसल्या होत्या, तेव्हा लेकीने त्यांना त्यातलीच कॉफी दूध, साखर आणि बर्फ घालून दिली. ग्लास रिकामा करून म्हणाल्या, "मले अजून थोडी दे बरं." दुसऱ्या दिवशी बरणी वरच्या कप्प्यात, पन्ह्याच्या शेजारी.

लेकीने संत्र्याच्या रसात कोल्ड ब्रू घालायचाही प्रयोग केला. मृग बहाराची संत्री बाजारात होती तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमाराला. दिसायला सुंदर, दोन रंगांचे थर. चवीबद्दल घरात एकमत नाही. माझं मत विचाराल तर चांगल्या संत्र्याचं असं करू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण वही मी फारच लवकर मिटली होती.

कॅफेतली कॉफी माझी एकटीची होती. घरची कॉफी एकटीची राहत नाही. फिल्टरला झाकण लावलं की तासाभरात सगळ्या घराला वास लागतो. ह्यांनी सकाळचा एक चहा सोडून कॉफी धरली. लेकीला रात्री अभ्यासाला हवी. सासूबाईंना दुपारी चारची. मला सकाळी एक आणि ऑफिसात एक. दिवसाला पाच कप कसे झाले, ते कोणी ठरवलं नाही. पाहुण्यांचं तर विचारूच नका. पूर्वी लोक आमच्याकडे येऊन "चहा राहू द्या" म्हणायचे, आता "कॉफी असेल तर घेऊ" म्हणतात आणि बैठक मारतात.

तर महिन्याचा ताळा असा. दीडशे कप. फिल्टरची पावडर एक किलो दोनशे ग्रॅम, १०८० रुपये. दूध पंधरा लिटर, ऑफिसच्या कपाचंही घरच्याच भावाने धरून, ९९०. रविवारच्या काळ्या कॉफीसाठी बीन्सचं एक पाकीट, ५५०. साखर-गॅस अंदाजे ८०. एकूण २७००. पूर्वी कॅफेचे जायचे ३९२७. म्हणजे कपाची किंमत तेरापट कमी झाली आणि महिन्याची बचत मात्र बाराशे रुपयांच्या थोडी वर. वस्तूंवर टाकलेले पैसे वेगळेच: प्रेस नऊशे, ग्राइंडर सव्वीसशे, काटा चारशे, फिल्टर साडेसहाशे, दूध फेसायचं बॅटरीचं यंत्र तीनशे. मिळून ४८५०. मी एकटी पीत राहिले असते तर हे दीड महिन्यात वसूल झालं असतं. पाच कपांच्या घरात चार महिने लागतात.

ह्यांचं म्हणणं, कमी झालेला चहा यातून वजा कर. चहापत्ती आणि त्याचं दूध वाचलंच की. मुद्दा बरोबर आहे, पण सासूबाई आणि कामवाल्या मावशी यांचा चहा पूर्वीइतकाच आहे, आणि चहापत्तीचा डबा कोणासाठी किती रिकामा झाला याची व्हाउचर्स नाहीत. ते खातं मी उघडलेलं नाही.

त्यात भाव. मी सुरुवात केली तेव्हा हीच ८०-२० पावडर बरीच स्वस्त होती. मग दुकानदार दर खेपेला पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहायला लागला. शंकरनगरातल्या दुकानाचा ब्राझीलच्या पावसाशी काय संबंध, असं वाटेल. पण भारतातली बहुतांश कॉफी निर्यात होते. सत्तरेक टक्के पिकते एकट्या कर्नाटकात. चिकमगळूरच्या बागायतदाराला न्यूयॉर्कचा अरेबिकाचा आणि लंडनचा रोबस्टाचा भाव रोज कळतो. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये दुष्काळाने पीक घटलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर, म्हणजे तोपर्यंतच्या उच्चांकावर गेली. बाहेर एवढा भाव मिळत असताना इथे कोण स्वस्त विकेल? गंमत म्हणजे याचा फटका घरी करणाऱ्यालाच जास्त जाणवतो. कॅफेच्या २२० मध्ये बीन्सचा वाटा लहान. तिथे दहा-वीस रुपये वाढवून भागतं. माझ्या पंधरा रुपयांत निम्मी कॉफीच आहे.

यावर काकूंनी काढलेला तोडगा चालू आहे. आमच्या बिल्डिंगमधली चार घरं मिळून एकदम मोठी ऑर्डर देतो, दुकानदार किलोमागे काही सोडतो. पावडर मात्र एकदम सगळी दळून आणायची नाही. दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. बीन्स त्याच्याकडेच राहतात, ज्याची संपली तो जाऊन आपला वाटा दळून आणतो. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात, अंधारात, आणि फ्रिजमध्ये नाही. फ्रिजमधून डबा बाहेर काढला की आत दमट हवा शिरते, आणि आमच्या फ्रिजमधले कांदे-लसूण आहेतच.

कॅफे पूर्ण सुटलेला नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद वेळी जाते, बहुधा ऑडिटच्या दिवसांत, डोकं जड झाल्यावर. पण आता कॅपुचिनो घेत नाही. सगळ्यात स्वस्त ते काहीतरी मागवते आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसून राहते. पैसे खुर्चीचे आहेत, हे एकदा लक्षात आल्यावर खुर्ची निवडून घ्यावी.

सध्या ह्यांच्या डोक्यात घरचं एस्प्रेसो यंत्र आहे. बारा हजारांचं, पंधरा बार लिहिलेलं. एस्प्रेसोला नऊ बार दाब पुरतो, त्यामुळे पंधरा हा आकडा जाहिरातीपुरता. खरी गरज लागेल ती अगदी बारीक आणि एकसारखं दळणाऱ्या ग्राइंडरची, आणि आपला सव्वीसशेचा तिथे पुरा पडणार नाही. म्हणजे बारा हजारांचे वीस होणार. शिवाय वाचवायला कॅफेचा खर्च आता उरलेला नाही, मग हे वसूल कशातून व्हायचं, असं मी विचारलं. त्यांनी दीडशे कपांचे दोनशे करून दाखवले. मी म्हटलं, तो खर्च झाला, उत्पन्न नव्हे. प्रस्ताव मार्चनंतर पुन्हा मांडायचं ठरलं आहे. तोवर काकूंनी मोठा फिल्टर घे म्हणून सुचवलंय, आठ कपांचा. त्यासाठी येत्या रविवारी इतवारीत जाणार आहे.